पुण्याहून कोकण, गाडी न नेता: एका दिवसात एकच खाडी

कर्वेनगरहून एका ताईंनी विचारलंय. घरात चौघं: त्या, त्यांचे यजमान, १२ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. गेल्या वर्षी विमानानं गोव्याला गेले, चार दिवसांत सगळी 'ठिकाणं' उरकली, आणि परत आल्यावर मुलीला एकाही गावाचं नाव सांगता येईना. यंदा मार्चअखेरीस, दोन इयत्तांच्या मधल्या सुट्टीत दहा दिवस मिळणार आहेत. स्वतःची गाडी न नेता, सावकाश, तिथल्या लोकांना ओझं न होता कोकण बघायचंय. सासूबाईंना झेपेल का, मुलगी कंटाळेल का, आणि जबाबदारीनं फिरायचं म्हणजे प्लास्टिकची बाटली टाळण्यापलीकडे काय करायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, पुण्यातून लहान लहान गट घेऊन एसटीनं, रेल्वेनं आणि थोडं पायी कोकणात नि घाटमाथ्यावर जाणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

बाटली आणि कापडी पिशवी घ्याच, त्यात वाद नाही. पण किनाऱ्यावरच्या लहान गावाला पाहुण्यांचा खरा जाच होतो तो वेळेचा. पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवारी दुपारी एकदमच गावात शिरतात. समोरून दुचाकी आली तरी थांबावं लागतं अशा रस्त्यावर त्यांची रांग लागते. विहिरीचा पंप संध्याकाळभर चालतो. घरातली बाई रात्री अकरापर्यंत चुलीपुढून हलत नाही. रविवारी चार वाजता गाव रिकामं होतं, आणि पुढच्या शनिवारपर्यंत कुणी फिरकत नाही. उत्पन्न दीड दिवसाचं आणि कचरा आठवडाभराचा, असा तो हिशेब आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं की गावाच्या वेळापत्रकानं चला. गावाच्या गाडीनं जा, गाव जेवतं तेव्हा जेवा, कुठं कधी जायचं ते पंचांग आणि भरती-ओहोटी बघून ठरवा. आणि सोमवारी निघा.

गावाची गाडी म्हणजे एसटी. भरलेल्या बसमध्ये माणशी डिझेल मोटारीपेक्षा कितीतरी कमी लागतं हे खरंच, पण माझा आग्रह आहे तो भारमानासाठी, म्हणजे गाडी किती भरते त्यासाठी. एखाद्या फेरीला पुरेसे उतारू मिळेनात की आगार ती फेरी आधी कमी करतं, मग बंद करतं. पाहुणे स्वतःच्या मोटारीनं येतात, गावातले कमावते हात मुंबईला, आणि गाडीत चार माणसं. अशी फेरी बंद पडली की अडतं कुणाचं? अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर बारावीपर्यंत शिकायला तालुक्याला जाणाऱ्या मुलींचं. सरकारी दवाखान्यात तारीख असलेल्या म्हाताऱ्यांचं. मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांचं. तुमची चार तिकिटं ही त्या फेरीच्या खात्यात पडलेली चार तिकिटं असतात. गावाला तुमचा इतका सरळ उपयोग दुसऱ्या कशानं होईल असं मला वाटत नाही.

मुलीला मुक्कामी गाडी मुद्दाम दाखवा. दिवेलागणीला ती गावात येते, देवळापुढच्या मोकळ्या जागेत वळून, तोंड परतीच्या दिशेला करून उभी राहते. चालक चाकाखाली दगड लावतो. वाहक देवळाच्या पायरीवर बसून तिकिटाच्या मशीनचा आणि रोकडीचा मेळ घालतो, तोवर कुणाच्या तरी घरून पाण्याचा तांब्या आलेला असतो. पहाटे इंजिन सुरू झालं की सगळ्या वाडीला कळतं. पुढच्या बाकांवर पाट्या घेतलेल्या मासळीवाल्या, मागे दप्तरं, आणि सगळे बसले तरी वाहक डबल बेल देत नाही, कारण वरच्या वाडीतली एक मुलगी अजून आलेली नाही हे त्याला माहीत असतं. ती पायवाटेनं धावत येते, मग गाडी हलते. या गाडीत बसलात तर मासळीच्या वासाला नाक मुरडू नका, आणि मुलीलाही तसं आधीच सांगून ठेवा.

पैशाचं लगेच सांगून टाकतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे तुम्हा तिघींचं निम्मं आणि यजमानांचं तेवढं पूर्ण. सासूबाईंचं आधार कार्ड हाताशी ठेवा. चार आणि सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही मिळतो, पण आपल्या मार्गात रोज थोडंच अंतर कापायचं आहे, म्हणून आधी कागदावर हिशेब मांडून बघा. सुट्टे पैसे भरपूर घ्या. मोबाइलनं पैसे देता येतात, पण घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते.

आता मार्ग. मी तुम्हाला एक फेरा सुचवतो: जाताना ताम्हिणीतून उतरायचं, किनाऱ्यानं दक्षिणेकडे सरकायचं आणि कुंभार्ली घाटानं वर यायचं. मध्ये दोन मोठ्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. नियम एकच, एका दिवसात एकच खाडी. फेरीबोट, तिच्या अलीकडची एसटी आणि पलीकडची एसटी यांची वेळ जुळेलच असं नसतं. दोन खाड्या एका दिवसात घातल्या की माणूस घड्याळाकडे बघायला लागतो, आणि मग तो तीन तासांसाठी खासगी गाडी ठरवतो.

सोमवारी सकाळी स्वारगेटहून श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरकडे जाणारी गाडी पकडा. वेळ आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घ्या, वेळापत्रक बदलत असतं. पौडपर्यंत इमारती संपत नाहीत, पुढं मावळातली भातखाचरं लागतात आणि मग मुळशीचं पाणी दिसतं. इथं मुलीला थोडं सांगा. १९२१ साली या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणायला लागले ते याच लढ्यापासून. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. या धरणाचं पाणी पूर्वेकडे न सोडता सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, खाली भिऱ्याला सोडतात, तिथं वीज तयार होते आणि ते पाणी कुंडलिका नदीनं समुद्राला जातं. पावसाळ्यात आपण पुणेकर याच रस्त्यावर धबधबे बघायला गर्दी करतो. कुणाच्या गेलेल्या जमिनीशेजारून आपण चाललोय हे मुलीला ठाऊक असलेलं बरं. विमानातून हे दिसत नाही, आणि द्रुतगती मार्गावरूनही दिसत नाही.

ताम्हिणी उतरून माणगावला आलात की हवा अंगाला चिकटायला लागते. श्रीवर्धन हे पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. पुण्यातल्या सदाशिव, नारायण अशा पेठा ज्यांच्या नावानं ओळखल्या जातात ते घराणं घाट चढून आलं ते इथून. पहिला मुक्काम हरिहरेश्वरला करा. देवळामागून समुद्राकाठच्या खडकातून जाणारी प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच करायची असते. वेळ इंटरनेटवर बघितली असली तरी देवळात कुणाला तरी विचाराच, आणि ते नको म्हणाले तर जाऊ नका. सासूबाईंनी वरूनच दर्शन घ्यावं, पायऱ्या उतरू नयेत.

मंगळवारी बागमांडल्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीनं वेश्वीला. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री इथं समुद्राला मिळते, पलीकडच्या टेकाडावर बाणकोटचा किल्ला आहे. बोटीवर टेम्पो, दुचाकी, बँकेत कामाला जाणारी माणसं, कोंबड्यांची खुराडी, सगळं एकत्र असतं. वेश्वीहून वेळासला एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर रिक्षा. तिथं तीन रात्री राहा. हो, एकाच गावात तीन रात्री. पहिल्या दिवशी गाव तुमच्याकडे बघतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही गावाकडे बघायला लागता, आणि गप्पा होतात त्या तिसऱ्या दिवशी. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीन रात्री जास्त वाटतात, निघताना मात्र कुणी तसं म्हणत नाही.

वेळास मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. त्याची आजची ओळख कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री खणून न्यायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. घरटी शोधून अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत पुरायची, आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येईपर्यंत राखायची. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुण्यांची सोय हॉटेलांत न करता गावातल्या घरांत झाली. याचा मला फार आदर वाटतो. पैसा घराघरांत गेला, म्हणून किनारा राखणं हे सगळ्या गावाचं काम झालं.

प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र येऊन ती उचलतात. खाली पिल्लं असली तर मोजून, पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. कधी टोपलीखाली नुसती वाळू असते. पिल्लू दिसेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, मुलीला हे आधी सांगा. तीन रात्रींत सहा वेळा टोपल्या उचलल्या जातील, एका संध्याकाळच्या भोज्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. दोरीच्या मागं उभं राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. रात्री किनाऱ्यावर पांढऱ्या उजेडाची बॅटरी मारत फिरायचं नाही, कारण पिल्लं उजळ दिसणाऱ्या दिशेला चालतात, आणि अंडी घालायला आलेली मादी उजेड बघून परत फिरते. किनाऱ्यावर मोटार घालणारे लोक आजही दिसतात. चाकोरीत अडकलेलं एवढंसं पिल्लू स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, तोवर कावळा हजर होतो. तुमच्यासमोर कुणी गाडी घातली तर भांडू नका, गावातल्या माणसाला सांगा.

घरात राहण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हेतू चांगला असूनही त्रास होतो तो इथंच. मार्चअखेरीस कोकणातल्या विहिरींचं पाणी खाली जायला लागलेलं असतं. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणारा प्रदेश म्हणून पुणेकरांना हे खरं वाटत नाही, पण जांभ्यात पाणी टिकत नाही. अंघोळ बादलीनं करा. समुद्रात खेळून आल्यावर अंगावरची वाळू किनाऱ्यावरच झटका. कित्येक घरांत न्हाणीचं पाणी माडाला किंवा केळीला सोडलेलं असतं, तिथं शाम्पूचा फेस सोडायला कुणाला आवडत नाही, पण पाहुण्याला तोंडावर कुणी बोलत नाही. साधा साबण वापरा. कचऱ्याची गाडी बहुतेक लहान गावांत येत नाही. तुम्ही टाकलेलं वेफरचं पाकीट एक तर मागील दारी जळतं किंवा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पडून पावसात समुद्रात जातं. म्हणून न कुजणारा कचरा, सॅनिटरी पॅडसुद्धा कागदात नीट गुंडाळून, परत पुण्याला आणा. यासाठी एक घट्ट झाकणाचा डबा सोबत ठेवा.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगायचं. किती जण, शाकाहारी की मासे, आणि भाकऱ्या किती लागतात. घरात जे होतं ते खायचं. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळेल, आणि भाव ऐकून तुम्हाला धक्का बसेल. घासाघीस करू नका. ओला काजू फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी काळी पडते, सोलली जाते. हाताला राख किंवा तेल चोळून बायका तासन् तास ते काम करतात. एकदा मुलीला त्यांच्या शेजारी बसवून बघू द्या, फोडायला मात्र बसवू नका. कोवळ्या फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, घावन असं साधं जेवण असेल. पुण्याहून चिवडा-चकलीची पिशवी भरून नेलीत की मुलं तेच खात बसतात आणि ताटातलं उरतं. थोडा आलेपाक तेवढा घ्या, घाटात मळमळलं तर उपयोगी पडतो. परत येताना आगळ, कुळथाचं पीठ, कोकम असं काही घ्यायचं असेल तर त्याच घरातून किंवा गावच्या बचत गटाकडून घ्या.

आणि बेत रद्द झाला तर आदल्या दिवशी तरी कळवा. ही साधी गोष्ट आहे, पण घरगुती निवास चालवणाऱ्या बायकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. तांदूळ दळून, मासळी आणून, अंथरुणं उन्हात घालून त्या वाट बघत बसतात आणि फोन बंद लागतो.

सासूबाईंना झेपेल का? अंतरं लहान ठेवलीत तर मोटारीपेक्षा बरं झेपेल, असा माझा अनुभव आहे. एसटीची पायरी उंच असते, तेव्हा चढताना यजमानांनी मागं उभं राहावं. जागा मागच्या चाकाच्या पुढं घ्या, मागे हिसके बसतात. निवासाला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी नेमक्या विचारा: पलंग आहे का, कमोड आहे का, आणि संडास घराला लागून आहे की अंगणापलीकडे. 'सोय आहे ना' असं विचारलंत तर उत्तर 'आहे' असंच येईल. स्टँडवरची स्वच्छतागृहं सगळीकडे बरी नसतात, म्हणून एका टप्प्यात फार लांबचा प्रवास धरू नका. एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. वयस्कर बाई सोबत असली की घराचं स्वयंपाकघर उघडतं. तुम्ही आम्ही ओटीवर बसून चहा पितो, सासूबाई आत चुलीपाशी असतात, आणि गावाची खरी हकिगत त्यांनाच कळते.

या दिवसांत शिमगा आलाय का तेही पंचांगात बघून ठेवा. रत्नागिरी जिल्ह्यात होळीनंतर ग्रामदैवताची पालखी घरोघर फिरते, काही गावांत बरेच दिवस. तुम्ही राहताय त्या घरी पालखी येणार असेल तर त्या दिवशी जेवणाची घाई करू नका, घर त्यांच्या देवाचं असतं. मुंबईचे चाकरमानी खास यासाठी रजा काढून आलेले असतात. पालखीला खांदा कुणी द्यायचा, पुढं कोण चालायचं हे मानकऱ्यांचं ठरलेलं असतं, म्हणून बोलावल्याशिवाय मध्ये जाऊ नका. बोलावलं तर मात्र संकोच न करता जा. गुहागर-चिपळूणच्या बाजूला संकासुर आणि नमन-खेळे दिसतील. संकासुराचा काळा झगा आणि उंच टोपी बघून मुलं आधी घाबरतात, मग त्याच्याच मागे लागतात. फोटो विचारून काढा, आणि देव अंगात आलेल्या माणसाचा काढूच नका.

शुक्रवारी वेळास सोडा. मंडणगडला गाडी बदलून दापोली. मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. गाड्यांच्या वेळा जमल्या तर तिथं जाऊन या. शनिवार-रविवार दापोलीतच काढा, कारण ते तालुक्याचं मोठं गाव आहे, कृषी विद्यापीठ आहे, गर्दी त्याच्या अंगावर येत नाही. शनिवारची रात्र लहान गावात न काढणं हा नियम मी स्वतः कसोशीनं पाळतो. शुक्रवारी दुपारीच एसटीनं मुरूडला जाऊन या. तुम्ही कर्वेनगरच्या, म्हणून हे खास सांगतो. धोंडो केशव कर्वे मुरूडला वाढले, आणि तरुणपणी परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत, शंभरावर मैल, पायी गेले होते. तिथं पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. परत यावं लागलं. तुमच्या मुलीच्या रोजच्या बसच्या पाटीवर ज्यांचं नाव असतं, ते याच वाळूत खेळले होते, हे तिला मुरूडच्या किनाऱ्यावर उभं राहून सांगा.

रविवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या परतीला लागतात, तेव्हा तुम्ही दाभोळला जा. एकेकाळचं मोठं बंदर. खाडीकाठची जुनी मशीद आणि गुहेतली चंडिकादेवी बघून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरा, तिथून गुहागर जवळ आहे. गुहागरला दोन रात्री. व्याडेश्वराचं देऊळ, लांबलचक किनारा, आणि फार काही न करता घालवायचे दिवस. गुहागरच्या किनाऱ्यावरही कासवं येतात. ओडिशात २०२१ साली खूण बसवलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत इथं अंडी घालायला आली, तेव्हा पूर्व किनाऱ्याची कासवं पश्चिमेला येतात याचा पुरावाच हाती लागला.

मंगळवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाटानं कऱ्हाड. घाटाच्या पायथ्याला पोफळीचं वीजघर आहे आणि वर कोयनेचं धरण. इथं मुलीला मुळशीची आठवण करून द्या. तिथल्यासारखंच इथंही पूर्वेकडे जाणारं पाणी डोंगरातून पश्चिमेला सोडलेलं आहे, आणि ते चिपळूणच्या वाशिष्ठीत येतं. जाताना एका उलट्या वळवलेल्या नदीशेजारून उतरायचं आणि येताना दुसरीच्या शेजारून चढायचं. सातवीतल्या मुलीला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा हे जास्त समजेल. कोयनेच्या धरणासाठी उठवलेल्या गावांची माणसं आज कुठकुठं विखुरलेली आहेत. पाटणच्या गाडीत शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं तर विचारा, सांगतात.

मुलगी कंटाळेल का, हा प्रश्न उरतो. थोडी कंटाळेल, आणि कंटाळू द्या. दुपारी दोन ते चार कोकणातलं गाव झोपतं, तेव्हा तिनंही ओटीवर लोळावं. मोबाइलऐवजी तिच्याकडे कामं द्या. तिकिटं तिनं काढायची, गाडी कुठली ते पाटी वाचून तिनं सांगायचं, वाहकाला उतरायचं ठिकाण तिनं विचारायचं. मोठी माणसं मुलांशी जितकं बोलतात तितकं आपल्याशी बोलत नाहीत, त्यामुळं निम्म्या ओळखी तीच करून देईल. तिथल्या मुलांना चॉकलेट, पेन, पैसे वाटायला मात्र देऊ नका. बरोबर पत्ते किंवा चेंडू न्या, खेळायला पुरतो. तिथल्या बोलीची नक्कल कुणी करू नये, घरातल्या मोठ्यांनीसुद्धा.

गाडी न्यायचीच झाली तर? सासूबाईंचे गुडघे फारच दुखत असतील तर जरूर न्या, चौघांनी भरलेली एक मोटार म्हणजे काही गुन्हा नाही. फक्त ती मुक्कामाच्या घरी लावून ठेवा आणि गावात पायी, तालुक्याला एसटीनं फिरा. एसटीनं निघालात तर सगळे मिळून एक सॅक यजमानांची आणि एक तुमची, एवढंच सामान घ्या. चाकांच्या मोठ्या बॅगा एसटीच्या फळीवर बसत नाहीत आणि वाळूत ओढत नाहीत.

कामाला लागायचं ते असं. वेळासच्या घराला जानेवारीतच फोन करा, मार्चच्या सुट्ट्यांत घरं भरतात. होळीची तारीख आणि त्या दहा दिवसांतल्या भरती-ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहून घ्या. गुहागर आणि दापोलीचं पंधरा दिवस आधी ठरवलं तरी चालतं. परतीला कऱ्हाडला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी कोयना एक्स्प्रेसनं पुण्याला या. ती दिवसा धावते, त्यामुळे आदर्की-सालप्याचे बोगदे आणि शिंदवण्याचा घाट उजेडात दिसतो. या गाडीचं आरक्षण लवकर संपतं, तेव्हा ते आधी करून टाका. आणि कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. एसटी स्टँडवरून तिथं जायला अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून निघा.